सार्वजनिक बाग आणि कामकऱ्यांची फुरसत



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, आणि तेथील दिवे मालवल्यावर शिवाजी पार्कच्या दिव्याखाली. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘बाग’ असे सांगितले. ते थोडे चपापले. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, ग्रॅच्युइटीवर बोलेल, नव्या कामगार संहितांवर तर बोलेलच. त्याने फुलझाडांवर काय बोलावे? फुलझाडांतले आम्हांला खरोखरच काही कळत नाही. सदाफुली आणि जास्वंद एवढी दोन ओळखतो. पण बागेत कोण केव्हा येतो, किती वेळ बसतो आणि कोणाला पाहून उठतो, हे मात्र आम्ही गेली चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. बोलणार आहोत ते तेवढ्यापुरतेच.

आपण मंडळी आज सायंकाळी सहाच्या ठोक्याला येथे येऊन बसलात. याचा अर्थ असा की, आपल्याला सहाच्या आत कोणीतरी मोकळे केले आहे. मालकाने केले असेल, पेन्शनीने केले असेल किंवा घरातल्या बाईमाणसाने ‘जा तुम्ही, मी बघते स्वयंपाकाचे’ असे म्हणून केले असेल. ज्यांना कोणी मोकळे केले नाही ते येथे नाहीत. बागेचेही तसेच आहे. बागेला दोन दारे असतात. एक लोखंडाचे, ते माळी उघडतो. दुसरे दार घड्याळाचे, आणि त्याची किल्ली माळ्याकडे नसते.

मुंबईतली भायखळ्याची राणीची बाग आपण पाहिली असेल. ती 1862 साली लोकांसाठी खुली झाली. त्या सुमारास मुंबईत गिरण्यांचा नुकता कोठे आरंभ होता. पुढे याच बागेच्या अवतीभवती आणि उत्तरेला गिरण्यांचे रान उठले. हजारो माणसे कोकणातून आणि घाटावरून येऊन त्यांत राबू लागली. बाग हाकेच्या अंतरावर, पण कामाला सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जुंपलेला माणूस बागेत जाणार केव्हा? आठवड्याची हक्काची सुट्टी अशी नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामकऱ्यांची संघटना बांधून ही मागणी लावून धरली. 1890 च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामकरी जमले. त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. म्हणजे बाग आधी आली, आणि बागेत जायचा दिवस अठ्ठावीस वर्षांनी आला. आज रविवारी सकाळी राणीच्या बागेत पेंग्विन पाहायला रांगा लागतात. त्या रांगेत लोखंड्यांचे नाव घेणारा माणूस आम्हांला अजून भेटलेला नाही. भेटावा अशी अपेक्षाही नाही. मुलांचा हात धरून रांगेत उभ्या असलेल्या माणसाने इतिहास कशाला आठवावा?

आमचे बालपण नायगावच्या बी. डी. डी. चाळीत गेले. खोली एकशेसाठ चौरस फुटांची. आई, वडील, आम्ही तीन भावंडे आणि गावाकडचे दोन काका. वडील एका गिरणीत साचे खात्यात. गिरणीची पहिली पाळी सकाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. पाळी बदलली की घरातली झोपेची जागाही बदले. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा घरात झोप लागणे कठीण. पोरे, स्टोव्ह, नळाची भांडी. मग तो हाताची उशी करून जवळच्या मैदानातल्या झाडाखाली आडवा होई. उन्हाळ्याच्या रात्री तर निम्मी चाळ बाहेर असे. शहरवासीयांना बाग म्हणजे विरंगुळा वाटतो. आमच्याकडे ती घराचीच उरलेली खोली होती. भाडे नाही, छप्पर नाही, एवढाच फरक.

शिवाजी पार्क मात्र वेगळे. तेथे जायचे ते टिळक पूल ओलांडून, कपडे करून, वडिलांच्या सुट्टीच्या दिवशी. त्या मैदानाची हकीगत थोडक्यात सांगतो. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीत माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली. तेव्हा सरकारला हवा आणि उजेड यांचे महत्त्व कळले. 1898 साली सुधारणा-ट्रस्ट स्थापन झाला, आणि शहराच्या उत्तरेस रुंद रस्ते व मोकळ्या जागा आखण्याचा विचार रुजला. 1925 साली महापालिकेने हे मैदान लोकांना खुले केले. आधी त्याला माहीम पार्क म्हणत. 1927 साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. क्षेत्र सुमारे अठ्ठावीस एकर, आणि भोवती किलोमीटरभराहून थोडा लांब असा बसका दगडी कट्टा. महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1966 सालचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा येथे झाल्या, राज्याच्या स्थापनेचा सोहळा 1960 साली येथे झाला, आणि क्रिकेटचे तर काय सांगावे! आचरेकर सरांचे शिष्य आणि त्यांतला तो सर्वांत मोठा शिष्य, यांवर इतके लिहिले गेले आहे की आम्ही त्यात भर घालत नाही. फक्त एक सांगतो. पहाटे पाचला खेळपट्टीवर रोलर ओढणारे आणि पाणी मारणारे जे लोक असतात, त्यांच्यातल्या एकाचेही नाव कोणत्या क्रीडा-ग्रंथात आम्हांला आढळले नाही. ते ग्रंथ आम्ही पैसे देऊन विकत घेऊन वाचले आहेत, म्हणून बोलण्याचा अधिकार.

आता एक घरची गोष्ट. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. डॉक्टर दत्ता सामंत पुढारी. त्या संपाची मीमांसा आज करीत नाही. त्याला वेगळी संध्याकाळ लागेल आणि बहुधा वेगळा श्रोतृवर्गही. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. आम्हांला संप कळला तो मैदानातून. एरवी सकाळी अकराला मैदानात म्हातारे आणि रात्रपाळीचे झोपलेले लोक, एवढेच असत. संप लागला आणि मैदान भरले. बाप्ये माणसे दिवसाढवळ्या बसलेली! पत्त्यांचे डाव, भजन, सभा, चर्चा. आम्हां पोरांना जत्रा वाटली. उन्हाळ्यात पत्ते बंद झाले; पत्ते खेळायलाही मन लागते. पावसाळ्यात गर्दी ओसरू लागली. मंडळी गावी गेली, कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी हमाली धरली.

त्याच काळात एका मंगळवारी दुपारी वडील म्हणाले, “चल रे, शिवाजी पार्कला जाऊ.” मंगळवारी! शाळा बुडवून! आमच्या आनंदाला पारावार राहिला नाही. आम्ही त्यांच्या पुढे धावत टिळक पूल चढलो. कट्ट्यावर बसलो, सामना पाहिला. वडिलांनी चार आण्यांचे शेंगदाणे घेऊन पुडी आमच्या हातात दिली. त्यांनी त्यातला एकही दाणा घेतला नाही, हे आम्हांला पुडी संपल्यावर दिसले. दिवस मावळला तरी ते उठेनात. “घरी नाही जायचं?” असे विचारले, तर म्हणाले, “जाऊ की. घाई काय आहे?” त्यांच्या तोंडून ‘घाई काय आहे’ हे शब्द आम्ही जन्मात प्रथम ऐकत होतो. त्या दुपारीइतके सुख आम्हांला त्या मैदानात पुन्हा मिळाले नाही. आणि ती दुपार कशातून आली होती, हे कळायला आणखी पाच-सात वर्षे जावी लागली. वडिलांना गिरणीने पुन्हा घेतले नाही.

तेव्हापासून आम्हांला एक खोड लागली. भरलेली बाग दिसली की लोकांना बरे वाटते. आम्ही आधी घड्याळ पाहतो. संध्याकाळी सातला भरलेली बाग ही एक गोष्ट, आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला धडधाकट पुरुषांनी भरलेली बाग ही निराळी गोष्ट. फुरसत आणि रिकामपण ही एकाच बाकावर बसतात, आणि दुरून दोघांचा चेहरा सारखाच दिसतो.

आज शिवाजी पार्कात दिवसभर बसाल तर काय दिसेल? आम्ही बसतो, म्हणून सांगतो. आमच्या संघटनेच्या पावतीपुस्तकावर पत्ता एका सभासदाच्या खोलीचा आहे, पण कार्यालय म्हणजे कट्टा. पहाटे फिरणारे येतात. कोणी डॉक्टरच्या सांगण्यावरून, कोणी डॉक्टरकडे जावे लागू नये म्हणून. मग विरारहून, कल्याणहून, लोकलच्या गर्दीत स्वतःएवढी पिशवी सांभाळीत क्रिकेटची पोरे येतात. आई डबा घेऊन कट्ट्यावर बसून राहते. निवृत्त मंडळींच्या टोळ्यांच्या जागा ठरलेल्या आहेत, रेशनकार्डावर लिहून दिल्यासारख्या. त्यांतला एखादा गेला, तर चारदोन दिवस त्या जागी कोणी बसत नाही. मग मंडळी न बोलता थोडी थोडी सरकून बसतात. सायंकाळी समर्थ व्यायाम मंदिरात मुली मल्लखांबाच्या दोरावर अशा चढतात की पाहणाऱ्याच्या मानेला रग लागावी. भेळ, धूळ, प्रेमी युगुले, कुत्र्यांना फिरवणारे नोकर. धुळीबद्दल तेथील रहिवाशांची तक्रार फार जुनी आहे आणि खरी आहे. त्यावर लाल माती टाकण्याचा इलाज झाला आणि धूळ लाल झाली.

बायका मात्र नुसत्या बसलेल्या फारशा दिसत नाहीत. मांडीवर मूल असते, नाहीतर शेजारी भाजीची पिशवी. कट्ट्यावर बसून मेथी निवडणाऱ्या एका ताईंना आम्ही विचारले, “घरी नाही का निवडायची?” त्या म्हणाल्या, “घरी निवडली तर इथं बसायला काय कारण सांगू?” आम्ही गप्प बसलो. फुरसतीला कारण लागणे, यावर कोणत्याच कामगार कायद्यात कलम नाही.

सहा डिसेंबरच्या आधी दोन-तीन दिवस या मैदानाचे रूप पालटते. 1956 साली डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांवर दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. त्या चैत्यभूमीच्या दर्शनाला विदर्भ-मराठवाड्यातून लाखो माणसे येतात आणि शिवाजी पार्कात उतरतात. अंगावरच्या चादरीत झोपतात आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. जत्रेत खेळणी विकली जातात तशी तेथे पुस्तके विकली जातात. आमच्याजवळची निम्मी पुस्तके त्या पथाऱ्यांवरची आहेत. काही लोक तेव्हा गर्दीने नाके मुरडतात. मुरडोत. मैदान कशासाठी असते ते त्या तीन दिवसांत जितके कळते, तितके उरलेल्या वर्षात कळत नाही.

2010 साली उच्च न्यायालयाने तो परिसर शांतता-क्षेत्र ठरवला आणि ध्वनिक्षेपकांच्या सभांना आळा बसला. आमचा धंदाच ध्वनिक्षेपकाचा, तेव्हा आम्ही रागवायला हवे होते. पण तिसऱ्या पाळीचा माणूस दिवसा झोपायला कसा धडपडतो ते आम्ही घरी पाहिले आहे. आम्ही रागावलो नाही. सहकाऱ्यांनी आम्हांलाच शिव्या दिल्या.

भर दुपारी, बारा ते चार, त्या मैदानाच्या कडेच्या सावलीत जे बसलेले असतात, ते आमचे लोक. घरोघर अन्न पोचवणारी पोरे स्कूटर लावून, डोक्याखाली हेल्मेट घेऊन आडवी झालेली असतात. कंपनी त्यांना कामगार म्हणत नाही, भागीदार म्हणते. असा भागीदार आम्ही पाहिला नव्हता, ज्याला नफा ठाऊक नाही आणि जेवायची सुट्टीही नाही. इमारतींचे वॉचमन असतात. बारा तासांची पाळी संपवून दूरच्या गाडीची गर्दी ओसरायची वाट पाहत बसलेले. 1948 च्या कारखाना कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरवले, तेव्हा आमच्या आधीच्या पिढीने पेढे वाटले असतील. 2025 च्या सप्टेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाचे बारा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देणारा बदल मंजूर केला. आठवड्याचे तास तेवढेच राहतील, जादा कामाला कामगाराची संमती आणि दुप्पट दाम असेल, असे सांगण्यात आले. असेलही. पण बारा तास काम, जाण्यायेण्याचे तीन, झोपेचे सात, अंघोळ-जेवणाचे दोन. बेरीज चोवीस झाली. बाग कोणत्या खान्यात लिहायची ते आम्हांला कोणी दाखवून द्यावे.

आता जागेविषयी दोन शब्द. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, जमिनी उरल्या. सुमारे सहाशे एकर. 1991 च्या नियमाप्रमाणे गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम असा बदलला की वाटे फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीचेच व्हावेत, ज्यावर गिरणीची इमारत उभी आहे त्या जमिनीचे नव्हेत. गिरणी म्हटली की बहुतेक जागा इमारतीखालीच असते. मग वाटायला काय उरले? प्रकरण न्यायालयात गेले, उच्च न्यायालयात लोकांच्या बाजूने लागले, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. निकाल मानलाच पाहिजे. हिशेब मात्र करता येतो. 2012 च्या सुमाराच्या पाहणीत मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास निघाली. एका माणसाने अंग चोरून उताणे निजावे इतकी. आमचे काका मैदानात झाडाखाली निजत, त्यांना लागणारी जागा साधारण एवढीच होती.

शेवटी एक प्रकरण सांगतो, त्यात आमची चूक आहे.

एका उपनगरात उंच इमारतींच्या मध्ये एक छोटी सार्वजनिक बाग आहे. देखभाल एका खाजगी मंडळीकडे. नावे घेत नाही. त्या इमारतींत घरकाम करणाऱ्या मावश्या आमच्या सभासद. सकाळची कामे बाराला आटपतात, संध्याकाळची चारला लागतात. घरे दिव्याला, मुंब्र्याला. मधल्या वेळात जाऊन येणे नाही. ज्या घरी भांडी घासतात तेथे दुपारी बसायची सोय नाही. राहता राहिली बाग. ती बरोबर बारा ते चार बंद. आम्ही विचारायला गेलो तेव्हा उत्तर मिळाले की, दुपारी झाडांना विश्रांती लागते. आमच्याबरोबरच्या मावशी म्हणाल्या, “झाडं उभ्यानं विश्रांती घेतात. आम्हीही उभ्यानंच घ्यावी का?”

अर्ज केले, स्मरणपत्रे दिली, दोन वर्षे गेली. दाराला कुलूप लावणारा वॉचमन आमचाच सभासद होता. बीडकडचा, पस्तिशीचा, अतिशय सरळ माणूस. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही त्याला म्हणालो, “भाऊ, आज कुलूप लावू नका. बघू काय होते.” त्याने आमच्याकडे पाहिले आणि किल्ली खिशात टाकली. सात मावश्या आत जाऊन बसल्या. दोघी जणी बसल्याबसल्या झोपल्या. आडवे होता येत नाही, कारण बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवलेला आहे. कोणीतरी वरच्या मजल्यावरून छायाचित्र काढले. दुसऱ्या दिवशी वॉचमनला कामावरून काढले.

लढा आमचा, आणि डाव त्याच्या भाकरीचा. 1981 चा सुरक्षा-रक्षकांचा कायदा आम्हांला तोंडपाठ आहे. त्याचा उपयोग झाला नाही, कारण त्याची नोंदच कोणी केली नव्हती, आणि ती झाली आहे की नाही हे त्याला पुढे करण्याआधी पाहणे आमचे काम होते. चार महिने तो घरी बसला. संघटनेने दरमहा जमेल ते दिले. ते पुरणारे नव्हते. त्याची बायको आमच्याशी बोलायची बंद झाली, ती आजतागायत. तो मात्र एकदाही उणा शब्द बोलला नाही, आणि ते आम्हांला अधिक लागले. पुढे मावश्यांनी सह्या गोळा केल्या. त्या इमारतींतल्याच काही ताईंनी, काही म्हाताऱ्या गृहस्थांनीही सह्या दिल्या. आता ती बाग दोन वाजता उघडते. आम्ही चार तास मागितले होते, दोन मिळाले. दांडा तसाच आहे. मावश्या त्याला पिशव्या अडकवतात.

तो वॉचमन आता नोंदणी करून दुसरीकडे लागला आहे. पाळी आठ तासांची, सुट्टी रविवारची. गेल्या महिन्यात शिवाजी पार्कला भेटला. मुलगा बरोबर होता. आम्ही कट्ट्यावर सरकून जागा केली. त्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले आणि पाय खाली सोडून बसला. मुलगा सामना पाहायला पुढे पळाला. आम्ही विचारले, “किती वाजता निघायचंय?” तो म्हणाला, “बघू की.”